‘डेटा डी-ला आहे ना?’

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान आहे. मालक वीसेक वर्षं याच धंद्यात आहेत. त्यांची भाची पुण्यात एका कंपनीच्या आयटी विभागात नोकरी करते. कर्मचाऱ्यांचे बंद पडलेले लॅपटॉप चालू करून देणं हेच तिचंही काम. पेशा जवळपास एकच, तरी ‘लॅपटॉप सुरू होतो, विंडोज मात्र येत नाही’ या तक्रारीवर दोघांचं कधी पटलेलं नाही. मामांचं उत्तर ठरलेलं असतं: फॉरमॅट. भाचीचं ठरलेलं नसतं, आणि मामांचा नेमका त्यालाच आक्षेप आहे.

ऐन लग्नसराईत एका छापखानेवाल्यांचा लॅपटॉप दुकानात आला, भाची सुट्टीला आलेली होती, आणि वाद पुन्हा पेटला. पंखा फिरत होता, कंपनीचं चिन्ह उमटत होतं, मग निळा पडदा आणि त्यावर एक ओळ: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हायचं आणि तिथेच येऊन थांबायचं. मामांनी बूटेबल पेनड्राइव्ह हातात घेतला आणि गिऱ्हाइकाला नेहमीचा प्रश्न विचारला.

“डेटा डी-ला आहे ना?”

“सगळा डी-ला.”

“थांब मामा,” भाची म्हणाली. “काका, पत्रिकेचं काम चालू असताना फाइल कुठे ठेवता?”

“डेस्कटॉपवर. समोर दिसली की बरं पडतं. छपाई झाली की मग डी-ला टाकतो.”

“आणि या आठवड्यातल्या पत्रिका?”

“त्या अजून छापायच्यात.”

म्हणजे त्या सी-ला होत्या, फॉरमॅटने पुसल्या जाणाऱ्या ड्राइव्हवर. डेस्कटॉप समोर दिसतो म्हणून तो कुठे वेगळा असतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर, ‘यूजर्स’च्या पोटात असतात. टॅलीप्राइमचा हिशेबही मुद्दाम जागा बदलली नसेल तर सी-लाच, ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये साठतो. छापखान्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा तशाच जुन्या मराठी फॉन्टांवर वर्षानुवर्षं केलेलं काम युनिकोडमध्ये नसतं. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रावर असेपर्यंतच ‘चि. सौ. कां.’ वाचता येतं. फॉन्ट गेला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. आणि फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये, अर्थात सी-ला. डी-वरची फाइल शाबूत राहूनही निरुपयोगी होते ती अशी.

“म्हणून तर मी विचारल्याशिवाय फॉरमॅट मारत नाही,” मामा म्हणाले.

“विचारतोस खरं, पण ज्याला ठाऊक नाही त्यालाच विचारतोस.”

मामांना हे लागलं. त्यांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. “बरं. तू काय करणार?”

“आधी बघणार, गाडी कुठल्या स्टेशनात अडकलीय.”

बटण दाबल्यापासून विंडोजचा पडदा येईपर्यंत काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकतं. पहिला टप्पा मदरबोर्डवरच्या फर्मवेअरचा. आता बहुतेक यंत्रांत ते यूईएफआय असतं, पण १९८१च्या आयबीएम पीसीपासून तोंडात बसलेलं ‘बायोस’ हे नाव काही जात नाही. ते रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते पाहतं. मग डिस्कवरच्या शे-दोनशे एमबीच्या एका छोट्या फॅट३२ विभागातून विंडोज बूट मॅनेजर उचलतं. बूट मॅनेजर बीसीडी नावाच्या नोंदीत विंडोजचा पत्ता शोधतो आणि विनलोडला पुढे करतो. विनलोड कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणून ठेवतो. यापुढे कर्नल स्वतः, स्वतःच्या ड्रायव्हरने, डिस्क वाचू लागतो.

प्रत्येक टप्प्यावर अडण्याची तऱ्हा निराळी. पडदाच काळा राहिला तर संशय रॅमवर. मामा रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबराने घासतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. (नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डला डाख देऊनच येते, त्यामुळे खोडरबराचे दिवस संपत आलेत, असं मामा खेदाने सांगतात.) ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर फर्मवेअरलाच डिस्क किंवा बूट मॅनेजर सापडलेला नाही. बीसीडीची तक्रार आली तर डिस्क दिसते, पत्ता हरवलाय. अशा वेळी रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवर बीसीडीबूट ही एक आज्ञा पत्ता नव्याने लिहून देते आणि गिऱ्हाइकाच्या एकाही फाइलला हात लागत नाही. छापखान्याच्या लॅपटॉपवरची ओळ याच्याही पुढची होती. कर्नल सुरू झाला होता, पण त्याला डिस्क वाचता येत नव्हती.

विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होता होता पडलं की पुढच्या खेपेला रिकव्हरीचा पडदा आपोआप येतो. तो आला. भाचीने कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्टला डिस्कांची यादी मागितली. यादी रिकामी.

“गेली डिस्क,” मामा म्हणाले. “नवी एसएसडी टाकू.”

“मग हा रिकव्हरीचा पडदा आला कुठून? पेनड्राइव्ह तर तुझ्यापुढे टेबलावर आहे.”

रिकव्हरीही त्याच डिस्कवर राहते. फर्मवेअरने ती डिस्कवरून उचलून मेमरीत आणली, म्हणजे फर्मवेअरला डिस्क नीट वाचता येत होती. विंडोजच्या हाती आल्यावर मात्र तीच डिस्क दिसेनाशी होत होती. डिस्क मेलेली नव्हती. विंडोज आणि डिस्क यांच्या मध्ये काहीतरी आलं होतं. भाचीने बायोस उघडला. व्हीएमडी: चालू.

ते पाहिल्यावर मामांनाच आठवलं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय बायोसमध्ये चालू असते. ती एसएसडीला इंटेलच्या स्वतःच्या कंट्रोलरमागे ठेवते, आणि त्याचा ड्रायव्हर जवळ नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा व्हीएमडी बंद करून विंडोज टाकणं सोपं. अनेक दुकानांत तेच करतात. दोन वर्षांपूर्वी या लॅपटॉपला फॉरमॅट मारताना मामांनीही तेच केलं होतं. आता बायोसचं अपडेट आलं, छापखानेवाल्यांनी ‘ओके’ दाबलं, सेटिंग मूळपदावर गेलं आणि त्या ड्रायव्हरविना टाकलेलं विंडोज आंधळं झालं. भाचीने व्हीएमडी बंद केला, बदल जतन केला. विंडोज आलं, डेस्कटॉप आला, पत्रिका आल्या.

“हे दर वेळी असं निघत नाही,” मामा म्हणाले.

खरंच निघत नाही, आणि मामांची बाजू इथूनच सुरू होते. ती धंद्याची आहे म्हणून हलकी नाही.

“हे बघ, फॉरमॅटचे पाचशे रुपये मिळतात. तासाभरात विंडोज, ड्रायव्हर, सगळं टाकून मोकळा. विंडोजची की हल्ली कंपनीच्या लॅपटॉपला बायोसमध्येच असते, ती आपली आपण लागते. तू निदान करत बसलीस दोन तास, आणि निघालं काहीच नाही, तर गिऱ्हाईक म्हणणार, केलं काय तुम्ही? शोधण्याचे पैसे इथे कोण देतो? आणि जुनं विंडोज तसंच चालू करून दिलं, आत व्हायरस राहिला, चार दिवसांत पुन्हा बंद पडलं, तर शिव्या कोण खाणार? फॉरमॅट मारलेल्या यंत्राची मी हमी देतो. तुझ्या दुरुस्तीची देशील?”

“ऑफिसची की बायोसमध्ये नसते, ते सांगितलं नाहीस.”

“विषय बदलू नकोस.”

भाचीने विषय बदलला नाही, जुलै २०२४मध्ये नेला. १९ जुलैला, शुक्रवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. त्या फाइलमागची व्यवस्था २१ रकाने गृहीत धरत होती आणि यंत्रावरचं सॉफ्टवेअर २०च पुरवत होतं. नसलेला एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर कर्नलच्या पातळीवर कोसळला आणि त्याच्याबरोबर विंडोज. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली, पण तोवर ज्यांनी ती उचलली होती ती यंत्रं सुरू होता होता पुन्हा पुन्हा पडू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी यंत्रं ८५ लाख होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. रिझर्व्ह बँकेने १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचं सांगितलं.

“त्या दिवशी आम्ही कुणीच फॉरमॅट मारलं नाही,” भाची म्हणाली. “सेफ मोडमध्ये जायचं, सिस्टिम३२च्या ड्रायव्हर्समध्ये क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, सी-०००००२९१ने सुरू होणारी फाइल उडवायची, रीस्टार्ट. एक फाइल, मामा. फॉरमॅटनेही यंत्र सुरू झालंच असतं की. पण एका फाइलसाठी लोकांचं सगळं पुसायचं?”

“तुला कारण सापडलं नव्हतं, कळवलं होतं,” मामा म्हणाले. “कंपनीनेच सांगितलं, अमुक फाइल उडवा. साऱ्या जगाला एकच रोग आणि औषधाची चिठ्ठी छापून आलेली. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा रोग वेगळा, आणि चिठ्ठी कुणी पाठवत नाही.”

हा टोला बरोबर बसला. त्या शुक्रवारचं उदाहरण निदानाच्या बाजूने जितकं बोलतं त्याहून ते तयार उपायाच्या बाजूने बोलतं. आणि त्यातही उपाय माहीत असून काम पुढे सरकेना असं अनेक कंपन्यांत झालं, कारण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या. सेफ मोडला जाण्याआधी प्रत्येक यंत्रामागे ४८ आकडी रिकव्हरी की टाकावी लागत होती.

बिटलॉकरचं नाव निघाल्यावर मामांनी आपली हकिगत काढली. कॉलेजातल्या एका मुलीचा लॅपटॉप आला होता. त्यांनी बायोसमध्ये सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं आणि पुढच्याच क्षणी निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची मागणी. कुलपाची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते, आणि बूटची घडी नेहमीसारखी नसेल तर चिप ती देत नाही. चोराने डिस्क पळवली तर काय, यासाठीच ती रचना आहे. मुलीला कुलूप आहे हेच माहीत नव्हतं. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बहुतेक यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते. इथे खातं विक्रेत्याने, लॅपटॉप विकताना, आपल्याच कुठल्यातरी ईमेलवर उघडून दिलं होतं. तो ईमेल कोणता, हे त्यालाही आठवेना.

“सेटिंग मी परत होतं तसं केलं, तरी उघडेना. शेवटी फॉरमॅट. तिथे तुझं निदान काय करणार होतं?”

“काही नाही. पण बायोसला हात लावायच्या आधी की आहे का, हे मी विचारलं असतं.”

“तिने ‘नाही’ म्हटलं असतं.”

“मग मी हात लावला नसता.”

इथवर ऐकणाऱ्याला वाटेल की भाची सावध आणि मामा धडाक्याचे. तसं सरळ नाही. त्याच संध्याकाळी एक जुना लॅपटॉप आला, आत फिरती हार्ड डिस्क. भाचीने सवयीने चेकडिस्क लावायला घेतलं आणि मामांनी तिचा हात धरला. “आवाज ऐक.” आत ठराविक लयीत टिक-टिक चालली होती. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवणं म्हणजे आजारी माणसाला घाट चढायला लावणं; ती साऱ्या डिस्कभर वाचत आणि मधे मधे लिहीत जाते, आणि जे हाती लागलं असतं तेही जातं. मामांनी डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या यंत्राला जोडली आणि लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढायला लावली. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारे भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. जे करायचं ते प्रतीवर, मूळ डिस्क बाजूला.

मामांना हे येतं. मग निरोगी दिसणाऱ्या डिस्कच्या वाटेला हीच काळजी का येत नाही?

त्यांच्या पिढीच्या हातांना सवय वेगळ्या काळात लागली, हे एक कारण. विंडोज ९८ आणि २००१मध्ये आलेल्या एक्सपीच्या दिवसांत व्हायरसने बरबटलेलं यंत्र निवडत बसण्यापेक्षा धुऊन काढणं शहाणपणाचं होतं. शिवाय फिरत्या डिस्कवर झटपट फॉरमॅट मारलं तरी पुसली जायची ती मुख्यतः अनुक्रमणिका. मजकूर जागेवरच राहायचा. चुकून काही गेलंच तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंचसं परत यायचं. ‘फॉरमॅटनंतरही काढून देतो’ ही मामांची बढाई त्या काळी खरी होती. एसएसडी आली आणि ती संपली. एसएसडीवर फॉरमॅट मारताना विंडोज ‘ट्रिम’ नावाची आज्ञा धाडतं: या जागा आता कामाच्या नाहीत. मग डिस्क आपल्या सोयीने त्या आतून रिकाम्या करते. त्यानंतर तिथून काही मिळणं जवळपास अशक्य. वर एन्क्रिप्शन असेल तर विचारायलाच नको. २०१८पासूनच्या टी२ चिपवाल्या आणि त्यानंतरच्या मॅकबुकांत तर साठवण चिपशी बांधलेली आणि कुलूपबंद असते; ती काढून दुसरीकडे वाचण्याची सोयच नाही. दुकानातला प्रश्न तोच राहिला, ‘डेटा डी-ला आहे ना?’, पण चुकीच्या उत्तराची किंमत मात्र कित्येक पटींनी वाढली.

भाचीने हे सांगितलं तेव्हा मामांनी उलटा सवाल केला.

“तुमच्या कंपनीत लॅपटॉप बंद पडला, अर्ध्या तासात सुरू झाला नाही, तर काय करता? खरं सांग.”

भाची जरा थांबली. “रीइमेज करतो.”

“मराठीत सांग.”

“सगळं पुसून कंपनीचं तयार विंडोज पुन्हा टाकतो.”

“म्हणजे फॉरमॅटच मारता!”

“हो, पण आमच्याकडे प्रत्येकाच्या फाइल आधीच वनड्राइव्हवर असतात. डिस्कवर एकुलतं एक असं काही नसतंच.”

सगळ्या वादातलं हे सर्वांत कामाचं वाक्य, आणि ते भाचीच्या तोंडून जरा नाइलाजाने आलं. कंपनीत फॉरमॅट मारायला हरकत नाही, कारण तिथे पुसली जाते ती दुसरी प्रत. गल्लीतल्या दुकानात पुसली जाते ती बहुधा एकमेव. निदान किती वेळ करावं यावर मामांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पाचशे रुपयांत कुणी डिटेक्टिव्ह होणार नाही. पण प्रत काढायला निदान लागत नाही. लॅपटॉप लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, सी ड्राइव्हवरचं ‘यूजर्स’ फोल्डर आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घ्यायचे, मग हवं तर फॉरमॅट मारायचं. डिस्क काढता येत असेल तर आणखी सोपं: बाहेरच्या डबीत घालायची आणि दुसऱ्या यंत्राला जोडायची. कॉपी होत असताना दुकानदाराला बसून राहावं लागत नाही. याचे वेगळे दोनशे-तीनशे मागायला मामांना संकोच वाटतो, गिऱ्हाईक पळेल म्हणून. तो संकोच सोडावा. लग्नसराईत पत्रिका गमावणारा छापखानेवाला दोनशे रुपयांसाठी पळणार नाही.

मधला एक मार्गही आहे आणि दोघेही तो कमी वापरतात. विंडोजच्या रिकव्हरीतल्या ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडलं की प्रोग्रॅम जातात, विंडोज नवं होतं, वापरणाऱ्याच्या फोल्डरांतल्या फाइली राहतात. मामांचा त्यावर भरवसा नाही. अर्ध्यात अडकतं म्हणतात. डिस्क आजारी असेल तर अडकतंही. म्हणून प्रत आधी, हे इथेही आलंच.

मामांनी पावतीवर नवी ओळ छापून घ्यायचं कबूल केलं आहे, पण तिचा मजकूर काय असावा यावर अजून एकमत नाही. भाचीला हवं: ‘प्रत घेतल्याशिवाय फॉरमॅट केलं जाणार नाही.’ मामांना हवं: ‘डेटाची जबाबदारी गिऱ्हाइकाची.’ पहिली ओळ छापली जावी, असं हा मजकूर लिहिणाऱ्याचं स्पष्ट मत आहे.

वाचकांनी मात्र पावतीची वाट पाहू नये. लॅपटॉप चालू आहे तोवर सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर लॅपटॉप कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर आहे, ते खातं तुमचंच आहे का, हे तपासा. त्या खात्याच्या पानावरून ४८ आकडी की कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपची बॅग सोडून दुसरीकडे कुठेही ठेवा. आणि दुकानात लॅपटॉप देताना कुणी डी ड्राइव्हचं विचारलं, तर डेस्कटॉपवर काय काय आहे तेही सांगा.